मुतखड्याचा ठावठिकाणा शोधणारा चित्रकार-डॉक्टर

कोजागरीच्या सुमाराला सोलापूर-तुळजापूर रस्ता माणसांनी भरून वाहतो. पंचेचाळीसएक किलोमीटरची वाट भाविक पायी तुडवतात. ऑक्टोबरचे ऊन, अंगातून घाम निथळलेला आणि पाणी जेमतेम. अशा वेळी एखाद्याच्या बरगडीखालून जी कळ उठते ती थेट जांघेत उतरते. माणूस रस्त्याच्या कडेला अंगाची जुडी करून लोळू लागतो. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळते, अर्ध्या तासात कळ थांबते आणि केसपेपरवर निदानाच्या रकान्यात एक शब्द पडतो: मुतखडा.

शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या एका शब्दाला अनेक सांकेतांक आहेत. खडा मूत्रपिंडात असेल तर एन२०.०, मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणाऱ्या मूत्रवाहिनीत असेल तर एन२०.१, दोन्हीकडे असेल तर एन२०.२ आणि मूत्राशयात असेल तर एन२१.०. खडा कुठे आहे हे डॉक्टरने लिहिलेच नाही, तर एन२०.९. केवळ कळ आहे, खडा अजून दिसलेला नाही, तर एन२३. खड्याने वाट अडून मूत्रपिंड फुगले असेल तर एन१३.२, आणि त्यात जंतुसंसर्ग होऊन पू झाला असेल तर एन१३.६. या शेवटच्या रुग्णाला आणि पहिल्या रुग्णाला केसपेपरवर एकच शब्द लिहून चालत नाही. पहिला पाणी पीत घरी थांबू शकतो. शेवटच्याला त्याच दिवशी वाट मोकळी करून द्यावी लागते, नाहीतर मूत्रपिंड जाते, कधी जीवही जातो.

खडा म्हणजे नुसता खडा नव्हे. तो कुठे जन्मला, कशाचा बनला आणि कुठे अडकला हे नोंदवल्याशिवाय त्याचे निदान पूर्ण होत नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत बसून या दिशेने ज्याने चिकाटीने काम केले त्या डॉक्टरचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. त्याने काढलेली चित्रे मात्र जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाहिली आहेत. हेन्री व्हँडाइक कार्टर हे त्याचे नाव. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथातली चित्रे त्याची.

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावी झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे चित्रकार, समुद्राची आणि किनाऱ्याची जलरंगचित्रे काढणारे. पुढे हे कुटुंब स्कारबरोला राहिले. थोरल्या मुलाच्या नावातच फ्लेमिश चित्रकार व्हँडाइक आला तो उगाच नव्हे. हातात कला होती, पण मुलाने वाट धरली वैद्यकीची. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शिक्षण, मग रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये शरीररचनेची विद्यार्थीवृत्ती. तिथे रिचर्ड ओवेन यांच्यासारखा तुलनात्मक शरीररचनेचा दिग्गज आणि जॉन क्वेकेट यांच्यासारखा सूक्ष्मदर्शकाचा जाणकार त्यांना लाभला. डोळ्यांना दिसते ते हाताने अचूक उतरवायचे आणि डोळ्यांना दिसत नाही ते काचेखाली धरायचे, या दोन सवयी तिथे पक्क्या झाल्या.

सेंट जॉर्जेसमध्येच हेन्री ग्रे हे तरुण, हुशार आणि महत्त्वाकांक्षी शल्यविशारद होते. १८५५ च्या अखेरीस त्यांनी विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचे एक पुस्तक करण्याची कल्पना कार्टर यांच्यापुढे मांडली. मजकूर ग्रे यांचा, चित्रे कार्टर यांची. पुढचे दीडेक वर्ष विच्छेदन दोघांनी मिळून केले आणि चित्रे कार्टर काढत राहिले. लाकडी ठोकळ्यावर छपाईसाठी उलटे चित्र काढावे लागे. तेही त्यांनी केले. त्या काळच्या पुस्तकांत चित्रातल्या अवयवांना अ, ब, क अशी अक्षरे देऊन खाली तळटिपांत नावे छापण्याची रीत होती. वाचणाऱ्याची नजर चित्र आणि तळटीप यांच्यात हेलपाटे घालत राही. कार्टर यांनी रक्तवाहिनीचे नाव रक्तवाहिनीवर आणि स्नायूचे नाव स्नायूवरच लिहिले. पाहणाऱ्याला वस्तू आणि तिचे नाव एकाच ठिकाणी मिळाले. नकाशावर नदीच्या रेषेवरच नदीचे नाव असावे, तसे. त्या पुस्तकाच्या यशात या साध्या युक्तीचा वाटा मोठा आहे.

१८५८ मध्ये पुस्तक निघाले. त्यात ३६३ चित्रे होती. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड ठरले होते. कार्टर यांना एकूण दीडशे पौंड, एकदाच. मुखपृष्ठाचे मुद्रित तपासायला आले तेव्हा त्यावर दोघांची नावे सारख्याच ठसठशीत अक्षरांत होती. ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान टाइपात घ्यायला सांगितले आणि त्यांच्या नव्या पदाचा उल्लेख काट मारून उडवला. ते पद होते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांचे प्राध्यापक. कार्टर तोवर भारतात पोहोचले होते, त्यामुळे हरकत घ्यायला कुणी नव्हते. ग्रे यांनाही यशाची फळे फार काळ चाखता आली नाहीत. पुतण्याची शुश्रूषा करताना देवीची लागण होऊन १८६१ मध्ये ऐन चौतिशीत ते गेले. पण नाव राहिले ते त्यांचेच. मिळालेल्या पैशांतून कार्टर यांनी एक सूक्ष्मदर्शक घेतला आणि तो सोबत भारतात आणला, असे त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. दीडशे पौंडांचा याहून चांगला उपयोग सांगणे कठीण आहे.

१८५८ च्या सुरुवातीला इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झालेले कार्टर त्याच वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात काम करू लागले. कॉलेज तेव्हा अवघे तेरा वर्षांचे होते. कॉलेजच्या संग्रहालयात काचेच्या बरण्यांतून मुतखडे जमा होत होते. त्या काळी आपल्याकडे मुतखडा म्हणजे बहुतेक वेळा मूत्राशयातला खडा. आज ऐकून आश्चर्य वाटेल, पण त्याचे रुग्ण मोठ्या प्रमाणात लहान मुले असत, गरीब घरची, धान्यावर वाढलेली, दूधदुभते कमी मिळणारी. मूल लघवीला बसले की किंचाळे. सर्जन धातूची वाकडी सळई मूत्रमार्गातून आत सरकवे आणि टोकाला खडा लागून खट् असा आवाज आला की निदान पक्के. मग ती भयंकर शस्त्रक्रिया. मूत्रवाहिनीतला किंवा मूत्रपिंडातला खडा जिवंत माणसात पाहण्याचा मार्गच नव्हता. तो दिसे एक तर आपोआप बाहेर पडल्यावर, नाहीतर शवविच्छेदनाच्या टेबलावर.

कार्टर यांनी या संग्रहातले खडे एकेक करून अभ्यासले आणि १८६० च्या सुमारास मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या वृत्तांतात त्यांचे वर्णन छापले, भारतातल्या मुतखड्यांविषयीच्या काही सर्वसाधारण निरीक्षणांसह. बाहेरून पाहून खडा कळत नाही. तो करवतीने कापावा लागतो, कापलेली चकती प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ घासावी लागते, मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी लागते. तसे केल्यावर कांद्यासारखे थर दिसतात. मधे गाभा, त्याभोवती एकेक साल. गाभा एका पदार्थाचा आणि वरचे थर दुसऱ्याच पदार्थाचे, असेही पुष्कळदा आढळते. म्हणजे खड्याच्या पोटात त्याचा इतिहास असतो. मूत्राशयातून काढलेल्या खड्याचा जन्म खरे तर वर मूत्रपिंडात झाला होता आणि खाली उतरल्यावर त्यावर नवे थर चढले, असा अर्थ कित्येक वेळा लागतो. आजही बाहेर पडलेला खडा जपून प्रयोगशाळेत पाठवायला सांगतात ते यासाठीच. रुग्ण मात्र तो बहुधा संडासात वाहू देतात, आणि दोन वर्षांनी दुसरा खडा घेऊन परत येतात.

हा विषय कार्टर यांनी सोडला नाही. १८७३ मध्ये लंडनला त्यांचे छोटे पुस्तक निघाले, मुतखड्यांची सूक्ष्म रचना आणि त्यांची घडण यांवर. मुद्दा असा होता की लघवीत क्षार जास्त झाले आणि साखरेसारखे खडे धरले, इतके ते सरळ नाही. लघवीत चिकट, प्रथिनांसारखे द्रव्यही असते. क्षार आणि ते द्रव्य एकत्र आले की स्फटिकाचा टोकदार आकार बदलतो, गोलसर कण बनतात, ते एकमेकांना चिकटतात आणि खडा वाढतो. जॉर्ज रेनी या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाने अशा कणांवर केलेल्या प्रयोगांचा आधार कार्टर यांनी घेतला होता. आज मुतखड्यातल्या या सेंद्रिय सांगाड्याला मॅट्रिक्स म्हणतात आणि त्यावर संशोधन चालूच आहे. एका जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनने फावल्या वेळात केलेल्या कामाची ही पोच आहे.

कारण १८६३ ते १८७२ हा काळ कार्टर यांनी साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काढला. प्रयोगशाळा नाही, सहकारी नाहीत, हाताशी ग्रंथालय नाही. सिव्हिल सर्जन म्हणजे काय हे सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांना वेगळे सांगायला नको. रुग्ण, शवविच्छेदन, वरून येणारे तक्ते आणि खालून येणाऱ्या तक्रारी.

साताऱ्याला जाण्यापूर्वीचे मुंबईतले त्यांचे एक काम मूत्रविकारांच्या निदानात मैलाचा दगड आहे. काही रुग्णांची लघवी दुधासारखी पांढरी होई. भांड्यात ठेवली तर विरजणासारखी थिजेही. घरचे लोक धास्तावत, रुग्ण खंगत जाई आणि दोष बहुतेक वेळा मूत्रपिंडाला दिला जाई. कार्टर यांनी पाहिले की अशा काही रुग्णांच्या जांघेत किंवा अंडकोशाच्या कातडीवर लसीकावाहिन्या फुगलेल्या असतात आणि त्यांतूनही तसाच पांढरा द्रव पाझरतो. दोन्ही द्रव त्यांनी काचेखाली धरले, एकमेकांशी ताडून पाहिले. निष्कर्ष असा निघाला की मूत्रपिंड दूध तयार करत नाही. आतड्यातून स्निग्ध द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या कुठेतरी मूत्रसंस्थेत फुटतात आणि तो द्रव लघवीत मिसळतो. १८६२ मध्ये हे लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. फायलेरियाचा जंत अजून कुणाला माहीत नव्हता. ब्राझीलमध्ये वुखेरर यांना तो लघवीत दिसला १८६६ मध्ये, आणि कलकत्त्यात टिमथी लुइस यांनी तो रक्तात दाखवला १८७२ मध्ये. कारण कळण्याच्या आधी जागा बरोबर सांगितली गेली होती. आजच्या वर्गीकरणात दुधाळ लघवीला आर८२.० हा सांकेतांक आहे, आणि त्याच्याखाली सूचना आहे की फायलेरियामुळे असेल तर तो इथे लिहू नये, बी७४ मध्ये लिहावा. लक्षण एका कप्प्यात, कारण दुसऱ्या कप्प्यात. ही शिस्त आली ती असल्याच कामातून.

रोगांना एकसारखी नावे द्यावीत म्हणून कार्टर यांच्या हयातीत जगभर खटपट चालली होती. इंग्लंडमध्ये विल्यम फार मृत्यूच्या नोंदींवर झगडत होते. एकाच आजाराला चार डॉक्टर चार नावे लिहितात आणि चार वेगळ्या आजारांना एकच नाव देतात, ही त्यांची अडचण होती. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६९ मध्ये रोगनामांची अधिकृत यादी काढली. १८९३ मध्ये फ्रान्सचे जाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. तीच वाढत वाढत १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मृत्यूंबरोबर जिवंत रुग्णांचे आजारही तिच्यात सामावले.

कार्टर यादी करणारे नव्हते. पण याद्यांना लागणारे साहित्य त्यांच्यासारखे लोक पुरवत होते. पायाला गाठी येऊन त्यांतून दाणेदार पू वाहणारा एक आजार शेतात अनवाणी राबणाऱ्यांना होई. मद्रासकडे त्याला मदुरा फूट म्हणत. तो बुरशीमुळे होतो असे कार्टर यांनी मांडले आणि त्याला मायसेटोमा हे नाव दिले. त्यांचा त्यावरचा ग्रंथ १८७४ चा. तो शब्द आजही सांकेतांक बी४७ च्या पुढे उभा आहे. मुंबई इलाख्यातल्या कुष्ठरुग्णांच्या १८६७ च्या सरकारी तक्त्यांवरून त्यांनी एक अहवाल तयार केला. पुढे रजा घेऊन ते नॉर्वेत बर्गनला गेले, तिथे आर्मावर हान्सेन यांना सापडलेले कुष्ठरोगाचे जंतू पाहिले आणि ही गोष्ट इंग्रजी वाचणाऱ्या जगाला सांगणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांची गणना झाली. तिथूनच त्यांनी कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला. त्या आग्रहाचे पुढे अनेक ठिकाणी जे झाले ते क्रूर होते, हेही त्यांच्या खात्यावर मांडायला हवे. नेमके पाहणारा डॉक्टर उपायही नेमकाच सांगेल असे नसते.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनच्या लोकांच्या पिढ्यान् पिढ्या स्मरणात राहिला. सोलापूर, नगर, साताऱ्याकडची माणसे पोटासाठी मुंबईला आली आणि त्यांच्यात एक ताप पसरला. पाच-सात दिवस तडकून येई, उतरे, आठवड्याने पुन्हा येई. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात कार्टर यांनी या रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू पाहिले. हिवताप, विषमज्वर आणि हा पुनरावर्ती ताप हे तिन्ही तोवर नुसता ताप म्हणूनच नोंदवले जात. आता त्यांतला एक वेगळा काढता आला. माकडांना तो देऊन त्यांनी तो सिद्धही केला. त्यावरचे पुस्तक १८८२ चे. पाचेक वर्षांनी हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तात लॅव्हरान यांनी वर्णन केलेले परजीवी भारतात पहिल्यांदा दाखवण्याचे श्रेयही कार्टर यांचेच. रोनाल्ड रॉस यांना मात्र पुढे कित्येक वर्षे त्या परजीवींवर विश्वास बसत नव्हता. मुंबईत छापलेला कागद सगळीकडे पोहोचत नसे.

१८८८ मध्ये कार्टर निवृत्त होऊन स्कारबरोला परतले. तीस वर्षे या देशात गेली होती. पहिला विवाह सुखाचा झाला नव्हता; साठीला टेकताना त्यांनी पुन्हा लग्न केले आणि दोन मुले झाली. राणीचे मानद सर्जन हे पदही मिळाले.

१८९५ च्या अखेरीस जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉन मॅकिन्टायर यांनी जिवंत रुग्णाच्या मूत्रपिंडातल्या खड्याचे छायाचित्र छापले. धातूच्या सळईला जिथे पोहोचता येत नव्हते ती जागा आता दिसू लागली. पंचवीसेक सेंटिमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीत खडा अडकण्याच्या तीन अरुंद जागा आहेत: मूत्रपिंडातून निघतानाची, कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडतानाची आणि मूत्राशयात शिरतानाची. कोणत्या जागी आहे, किती मिलिमीटरचा आहे, वरचे मूत्रपिंड फुगले आहे का, दुसरे मूत्रपिंड धड आहे का, ताप आहे का. तुळजापूरहून सोलापूरला किंवा धाराशिवला पाठवल्या जाणाऱ्या रुग्णाच्या चिठ्ठीवर या पाच गोष्टी असल्या तर पुढच्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा आपला आपण पडतो. मूत्रवाहिनीतला मोठा खडा दुर्बिणीने खालच्या वाटेने निघतो, मूत्रपिंडातला मोठा खडा पाठीतून भोक पाडून काढावा लागतो. शस्त्रक्रिया वेगळी असल्याने सरकारी योजनेत तिची मंजुरीही वेगळी मागावी लागते. नुसते मुतखडा असे लिहिले की कागद परत फिरतो आणि तेवढे दिवस रुग्ण कळा सोसत राहतो.

सगळ्यांत फसवा तो, ज्याची कळ थांबली आहे. खडा पडला म्हणून कळ थांबते, तशीच खडा घट्ट बसला आणि मूत्रपिंडाने हात टेकले म्हणूनही ती थांबते. कागदावर दोन्हींची नोंद सारखीच होते: आराम पडला. फरक कळतो तो काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी केल्यावर, आणि ती करायला रुग्ण सहसा येत नाही, कारण दुखत नसते.

कार्टर ४ मे १८९७ रोजी स्कारबरोला क्षयाने गेले. क्षयाचे जंतू कॉख यांनी दाखवून तेव्हा पंधरा वर्षे झाली होती, औषध यायला अजून जवळपास पन्नास वर्षे होती. ग्रेज अ‍ॅनाटॉमी तोवर अनेक आवृत्त्या पार करून गेली होती. तरुणपणी त्यांनी लिहिलेली रोजनिशी लंडनच्या वेलकम संग्रहात जपून ठेवलेली आहे आणि गेल्या काही दशकांत अभ्यासकांनी ती उघडल्यावरच मुखपृष्ठावरून पुसट झालेल्या या माणसाची बाजू उजेडात आली.